वखारीला कुत्रा हवा होता

लाकडाच्या वखारीत सगळे त्यांना करवतकाका म्हणायचे. तीस वर्षं हा माणूस मोठ्या गोल करवतीवर उभा राहिला आणि दहाही बोटं शाबूत घेऊन खाली उतरला. या धंद्यात ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. साठी जवळ आली तेव्हा थोरल्या मालकांनी त्यांना गेटवर बसवलं आणि करवतीवर पैलवान आला. पैलवान आपला नावाचाच, अंगाने काडी. पण दोन पोरींचा बाप, कामाला वाघ, आणि हात काकांनीच घडवलेला.

बोटं वाचली, कान मात्र गेले. एकदम नाही, रोज थोडे थोडे. काकूंखेरीज काकांनी हे कोणाला कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! समोरच्याचे ओठ बघून बोलायचं, लांबून कोणी हाक मारली तर कामात होतो म्हणायचं, आणि दिवसभर रस्त्याकडे डोळे लावून बसायचं. कारण मूठ उघडली तर पुढे काय होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बहिऱ्या माणसाला गेटवर कोण ठेवील? आणि घरी बसवलं तर तो करणार काय? काकूंचं डोकं खाणार, दुसरं काय!

तशात मागच्या कुंपणातून फळ्या जाऊ लागल्या, त्याही दिवसाढवळ्या. थोरले मालक गेल्यापासून त्यांची लेक कारभार बघत होती. काका तिला ताई म्हणत, पण भुशाच्या ढिगावर लोळणारी परकरी पोरही त्यांनी पाहिलेली होती. ताईंनी कुत्रा आणायचं ठरवलं. कुत्रेवाल्याने दोन दाखवले. एक रॉटवायलर, रुंद छातीचा, घमेल्याएवढ्या डोक्याचा, वजनाने काकूंपेक्षा भारी. दुसरा डॉबरमन, उंच, सडपातळ, सगळं अंग तारेसारखं ताठ. कारकुनाला डॉबरमन आवडला, हमालांना रॉटवायलर. वाद मिटेना. शेवटी ताई म्हणाल्या, दोघांना आठ-आठ दिवस गेटवर काकांजवळ ठेवू, काका सांगतील तो आपला. घ्या! लोढणं काकांच्या गळ्यात.

आधी रॉटवायलर आला. दोन दिवस नुसता लोळत पडला. तिसऱ्या दिवशी काका रस्त्याकडे पाठ करून चहा पीत होते, तर याने येऊन गुडघ्याला अशी ढुशी दिली की निम्मा चहा पायजम्यावर. काका भडकले. वळून बघतात तर गेटाबाहेर ट्रक उभा, आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून यांच्या नावाने बोटं मोडतोय. चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशीही तेच. भुंकणं नाही की गुरगुरणं नाही. गाडी आली की उठायचं, काकांना ढुशी द्यायची आणि गेटकडे बघायचं. एकदा रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकच्या वाटेत काका चालले होते, तेव्हा तर हा आडवाच उभा राहिला. हलेना म्हणजे हलेना.

एखाद्याने त्याला पोटाशी धरलं असतं. काकांनी त्याच्या पाठीत रट्टा घातला. बायकोखेरीज कोणाला कळू न दिलेली गोष्ट या मुक्या जनावराने तीन दिवसांत ओळखली होती, आणि आता ती चारचौघांत दाखवत होता. हमाल चेष्टा करायला लागले की काका, कुत्रा तुमचा साहेब झाला. चोराच्या मनात चांदणं. काकांना वाटलं, आज हसतायत, उद्या विचारतील.

मग डॉबरमन आला. तो ट्रकवर झेपावायचा म्हणून त्याला गेटवरच्या खोलीमागे, कुंपणाच्या बाजूला बांधलं. काका भाकरी घेऊन गेले की शेपूट हलवून गप्प उभा. ढुशी नाही, लुडबुड नाही. काका एकदम खूश.

त्याचेही आठ दिवस संपले, तसं ताईंनी काकांना कचेरीत बोलावलं.

"डॉबरमन ठेवा," काकांनी सांगून टाकलं. "फार शांत जनावर, ताई. आठ दिवसांत एकदासुद्धा भुंकला नाही."

कारकुनाने तोंडाला रुमाल लावला. आठ दिवस त्या कुत्र्याने अख्खी वखार डोक्यावर घेतली होती. शेजारचा छापखानेवाला दोनदा भांडून गेला होता. आत्ताही खिडकीबाहेर तो जीव तोडून भुंकत होता. ताईंनी खिडकीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि कारकुनाला बाहेर पाठवून दिलं.

"काका, कधीपासून?"

एवढंच विचारलं. काकांना ते ओठांवर स्वच्छ दिसलं. खोटं बोलायला तोंड उघडलं खरं, पण बांधच फुटला. म्हातारा लहान पोरासारखा रडला. बिचाऱ्याने मग सगळं सांगितलं. करवतीवरची वर्षं, ओठ वाचणं, हॉर्न, ट्रक, सगळं.

"त्या पहिल्या कुत्र्याशी मी वाईट वागलो," ते म्हणाले. "कामाचा तोच आहे. माझं बिंग फुटेल म्हणून त्याला घालवत होतो."

ताईंनी खुर्ची काकांसमोर ओढली. मग एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, की रॉटवायलर राहील आणि काकाही राहतील. पण एक अट. ड्रायव्हरांना, हमालांना, सगळ्यांना काकांनी स्वतः सांगायचं. ट्रकखाली जाण्यापेक्षा चार माणसांत लाज गेलेली बरी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, करवत बंद असताना, काका सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "करवतीने कान नेले. हॉर्न वाजवू नका, दिवे लावा. आणि मला मागून हाक मारू नका."

हसलं कोणीच नाही. एका ड्रायव्हरने लगेच मान डोलावली. हमाल उठून डब्यांकडे वळले. काकांनी श्वास सोडला. एवढ्याशा वाक्यासाठी आपण इतकी वर्षं जीव मुठीत धरून काढली, याचं त्यांना हसूच आलं.

पैलवान मात्र जागचा हलला नव्हता. तो पुढे आला आणि आपला चेहरा काकांना नीट दिसेल असा उभा राहिला.

"काका, आधी काय जातं?"

काकांना प्रश्न लगेच कळला. कळला नसता तर बरं झालं असतं.

"बारीक आवाज," ते म्हणाले. "पाखरं. मग लहान पोरांचं बोलणं."

पैलवानाने मान खाली घातली, पण काकांना दिसावं म्हणून पुन्हा वर केली.

"बायको म्हणते, धाकटी आता बाबा म्हणून हाक मारते."

ताई कचेरीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जेवणाची सुट्टी संपली, माणसं परत आली, तरी करवत सुरू करा असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही.