खालच्या गवताचा खवा

आत्या नसती तर माझं काय झालं असतं, कुणास ठाऊक. म्हणून तिचं नाव आधी. नाव तरी काय, कंधारकडच्या डोंगरावर तिची खव्याची भट्टी, म्हणून लहानथोर सगळे तिला भट्टीवाली आत्याच म्हणत. तिच्याइतकी रागीट बाई अख्ख्या मराठवाड्यात झाली नसेल. ती वाऱ्याला शिव्या द्यायची, ओल्या लाकडाला द्यायची, दूध आटेना तर कढईच्या सात पिढ्या उद्धरायची. नवा जिल्हा करू म्हणत एक पुढारी आला, तर त्याच्या गळ्यातला हार काढून म्हशीला चारला नि म्हणाली, "जिल्हा मागनं कर. आधी हिच्यापुरतं पाणी कर." आठवीत शाळा सुटली नि मी अर्धापूरहून, खालच्या केळीच्या मुलखातून, तिच्या दारात येऊन उभी राहिले. "रडून राहिलीस कशाला? दूध नासंल," म्हणून तिनं हातात उलथनं दिलं.

डोंगरी खव्याला भौगोलिक मानांकनाचा शिक्का मिळाला तोही तिच्या भांडणानं. खालचे व्यापारी कुठलाही खवा डोंगरी म्हणून खपवायचे. मानांकनाचे नियम ठरवायच्या भर बैठकीत तिनं टेबलावर हात आपटला, "डोंगरावर चरलेल्या जनावराचंच दूध! खालचं गवत चालणार न्हाई. लिहा!" साहेबानं घाबरून लिहिलं. भाव वाढला, तर तिनं भावालाही झापलं, "इतकी वर्षं कुठं मेलतास?"

मग दुष्काळ पडला. डोंगर खरवडलेल्या कढईसारखा झाला. म्हशी लोह्याजवळच्या चारा छावणीत न्याव्या लागल्या. दूध टेम्पोनं वर यायचं, पण आता ते खालच्या चाऱ्याचं.

शेजारचा भट्टीवाला म्हणाला, "आत्या, लाव की शिक्का. कोण म्हशीच्या पोटात बघून राहिलंय?"

"मी बघून राहिले की, मुडद्या!"

ती बिनशिक्क्याचा खवा पडेल भावात विकायची; बाकीचे बिनधास्त शिक्के चिकटवायचे. मला संताप यायचा, त्यांचा आणि खरं सांगते, तिचाही. "दुष्काळापुरता तरी नियम बदलायला सांग ना!" मी एकदा ओरडलेच.

"सांगितलं. साहेब म्हणला, बाई, तुम्हीच तर लिहायला लावलं."

त्यावर तिनं कुणाला शिवी दिली नाही, तेव्हा मी घाबरले. पेंड परवडेना. तिची लाडकी चिमणी म्हैस निलंग्याच्या एका शेतकऱ्याला विकली गेली, नि "भट्टीला एक माणूस बास" म्हणत तिनं मला ओळखीच्या मिठाईवाल्याकडं, या परमुलखात धाडलं. बस सुटेस्तोवर ती कंडक्टरशी भांडत होती, माझ्याकडं बघायला लागू नये म्हणून.

इथं दुकानात डोंगरी खव्याचे डबे येतात, शिक्क्यासकट, रोज. फोनवर आत्या सांगते, डोंगरावर गवताची काडी नाही. मग हे येतात कुठून? झाकण मी रागानंच उचकटते.

एक दिवस मी निलंग्याला जाणार, चिमणीच्या पोटची वगार विकत घेणार आणि आत्याच्या दावणीला नेऊन बांधणार. ती खेकसणार, "खालच्या गवतावर वाढलेली दिसती गं ही!" खेकसू दे. मीही खालचीच होते. मला घेतलंच की तिनं वर.