माझ्या वाट्याची उधारी

नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं आणि धाकटे दीर वाटणीचा कागद घेऊन आले. वळ गावातलं गोदाम त्यांना, आणि निजामपुऱ्यातल्या आमच्या सुताच्या पेढीची गिऱ्हाइकांकडून येणं असलेली सगळी उधारी मला. "किंमत सारखीच आहे, वहिनी. बिलांची बेरीज करून बघा." माझ्या दोन मुलींचं शिक्षण, माझं पुढचं सगळं त्या बिलांवर!

मी काही दूधखुळी नाही. लग्नाआधी सीएच्या ऑफिसात काम केलंय. बिलं काढून बसले तर निम्मी जुनाट. आमचं सूत उधार नेणारे कितीतरी लूमवाले कारखान्याला टाळं लावून गावी गेलेले.

"भाऊजी, बुडीत उधारीची तरतूद आधी वजा करा, मग किंमत धरा."

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "असं अभद्र बोलू न्हाय गो!"

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या चोपडीची पूजा होते, म्हणून तिच्यात 'बुडीत' लिहायचं नाही. मेलेली येणीसुद्धा दर दिवाळीला नव्या चोपडीत ओढायची आणि गुबगुबीत आकडा बघून खूश व्हायचं. इतकी वर्षं मी गप्प बसले, कारण आकडा सगळ्यांचा होता. आता तो एकटीच्या गळ्यात पडत होता.

"कोण बुडवणार? नाव सांगा ना," दीर म्हणाले.

"नाव आज कुणालाच सांगता येत नाही. कळेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणून बिलाचं वय बघून किती बुडेल याचा आधीच अंदाज धरायचा. ताज्या बिलातलं थोडं, वर्षावरच्यातलं निम्मं, त्याहून जुन्यातलं जवळजवळ सगळं. वसुली सोडायची नाही, पण हिशेबात तरी खरं बोलायचं."

"म्हणजे आम्ही खोटे? ऑफिसातली अक्कल धंद्यात चालत नाही, वहिनी. सही करा."

माझं डोकंच फिरलं. याच धंद्यात माझ्या नवऱ्याने रक्त आटवलं होतं. घरात भांडण नको म्हणून मीच का सही करू?

कागद ओढला, आमची दोघांची नावं खोडली आणि उलटी लिहिली. "नको तर नको तरतूद. उधारी पूर्ण किमतीला तुम्ही घ्या, गोदाम मला द्या. किंमत सारखीच ना? करा सही."

दिरांनी पेन उचललं खरं, पण ते कागदाला टेकेना. सासूबाई बघत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "आता का न्हाय करत रं सही?"

दिरांनी पेन खाली ठेवलं. "किती वजा करायचे म्हणता?"

"बसते ना, एकेक बिल काढते," मी म्हटलं. "आज चहा तुम्ही टाका."