कुंपारेसमोर मारिव्हिक

मारिव्हिक दलिसाय मुळात भांडखोर बाई नाही. अमेरिकेत शॉमबर्गच्या एका वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये ती वीसेक वर्षं नर्स आहे, डबल शिफ्ट लावली तरी कुरकुर नाही. पण म्हणून काय कुणीही यावं आणि तिच्या डोक्यावर मिरी वाटावीत?

वाटणारा होता मॅनेजर आर्नेल. तोही तिच्यासारखा फिलिपिन्सचाच. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला, तेव्हापासून तो तिचा 'कुंपारे', सख्ख्या भावासारखा. ही नोकरीही त्यानेच लावून दिलेली. त्यांच्यात असा उपकार जन्मभर मानायचा असतो, कुंपारेला उलट बोलणं म्हणजे बेइमानी. आपल्या इथल्या मराठी मंडळातही असे उपकार मोजणारे काका आहेतच की.

या आर्नेलने फतवा काढला, कामावर तागालोग, म्हणजे त्यांची मायबोली, बोलायचं नाही. का, तर बायका कुजबुजतात. स्वतः मात्र पुरुष नर्सांशी त्याच भाषेत बास्केटबॉलवर गप्पा ठोकायचा. वा रे न्याय!

मारिव्हिकने हेही गिळलं असतं. पण तिच्या वॉर्डात एक फिलिपिनो आजी होत्या, लोला बेनिंग. डिमेन्शियात त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलेलं. इंग्रजीत भरवायला गेलं की घाबरून तोंड घट्ट मिटायच्या. शेवटी मारिव्हिक तागालोगमध्ये बोलली आणि आजींनी वाटीभर सूप संपवलं. त्यावर आर्नेलने तिला ताकीद दिली, पुन्हा बोललीस तर नोकरी गेली.

"माफी माग," नवरा रोडेल म्हणाला. "कुंपारे आहे तो. चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जायचं?"

"याच तोंडाने," ती म्हणाली.

स्टाफ मीटिंगला डायरेक्टरबाईही होत्या. आर्नेल गोड हसत इंग्रजीत म्हणाला, "मारिव्हिक, तुला इथे कुणी आणलं, विसरू नकोस."

ती उभी राहिली आणि तागालोगमध्येच खणखणीत बोलली, "कुंपारे, नोकरी तू दिलीस, हवी तर परत घे. भाषा माझ्या आईने दिलीय."

आर्नेल लालबुंद झाला. "गप्प बस," तो ओरडला, "खाली बस, निर्लज्ज बाई!"

तेही तागालोगमध्ये.

मागे बसलेल्या फिलिपिनो नर्सा फिसकन हसल्या. डायरेक्टरबाईंनी आर्नेलकडे पाहिलं.

"मॅडम," मारिव्हिक इंग्रजीत म्हणाली, "ताकीद आता दोघांना द्या, नाहीतर कुणालाच नको. मी लोलांना भरवायला चाललेय. आमच्याच भाषेत."

आणि ती गेली. तिला कुणी अडवलं नाही.