वेल्डानं काठी निवडली

वेल्डा स्टिल्टनरबद्दल आमच्या सिकमोर बेंडमध्ये जे काही सांगितलं जातं, त्यातलं निम्मं मी उठवलेलं आहे. तिनं बाप्टिस्ट चर्चच्या नव्या पाद्र्याला पहिल्याच रविवारी कॅटफिश सोलायला बसवलं, ही कंडी माझी. तिचा नवरा तिच्या बिस्किटांना भिऊन टेक्सासला पळाला, हीसुद्धा माझीच. खरं म्हणजे तो एका ट्रकवाल्याच्या बहिणीबरोबर गेला, आणि वेल्डाची बिस्किटं अशी असतात की पळालेला माणूस परत यावा. तो आला नाही, त्याअर्थी ट्रकवाल्याची बहीण फारच देखणी असणार.

पण आता सांगतोय ते मी रचलेलं नाही. मला ते रचता आलं नसतं. मी फक्त होडीची मोटर धरून बसलो होतो.

आमच्याकडे पाणी दोन तऱ्हेचं. धरणाच्या पायथ्याशी नदी, ऐन ऑगस्टात पाय घातला तरी हाडं ठणकतील अशी गार, तिच्यात ट्राउट मासे. धरणाच्या वर तलाव, कोमट, पोटात जुनी बुडालेली देवदारं. त्यांच्या फांद्यांत बास, तेही मासेच. वेल्डाचा बाप ऑर्व्हल दोन्ही पाण्यांवर पाहुण्यांना मासेमारीला न्यायचा. भाऊ वल्ही मारायचे. वेल्डाच्या हाती लहानपणीच तवा आला, कारण दुपारी नदीकाठच्या गोट्यांवर चूल मांडून पाहुण्यांना जेवू घालावं लागतं, आणि भावांना बटाटे कापता येत नव्हते. म्हणजे तसं ते सांगायचे.

बाप गेला, भाऊ कारखान्यांत पांगले, वेल्डा राहिली. रॉइस टॅकेटच्या धक्क्यावरून गाइड निघायचे आणि दुपारी पाहुण्यांना घेऊन वेल्डाच्या चुलीपाशी यायचे. बटाटे तळले जाईपर्यंत वेल्डा कुणाची तरी काठी उचलून दोनचार वेळा गळ टाकायची. सकाळभर पाहुण्यांना जो मासा मिळाला नाही तो तिला मिळायचा, आणि तोच त्यांना तळून वाढायची. वर विचारायची, "मीठ बरोबर आहे ना?"

कुठल्याही गाइडची जागा रिकामी झाली की ती रॉइसकडे होडी मागायची. रॉइसचं उत्तर ठरलेलं. "अगं वेल्डा, मग जेवण कोण करणार?" जणू काही अख्ख्या अर्कान्सात बीन्स शिजवणारी दुसरी बाई जन्मलीच नव्हती.

मग माझे गुडघे गेले, गाइडगिरी सुटली आणि माझी होडी रिकामी झाली.

रॉइसच्या मनात ती त्याच्या पुतण्याला, टॅनरला द्यायची होती. पोरगा वाईट नाही. तिशीचा, उंच, दाढी राखलेला, पाण्यात तरबेज. फक्त स्वतःबद्दल त्याचं मत जरा जास्त चांगलं आहे. पण सिकमोर बेंडमध्ये रिकामी होडी मर्जीनं दिली जात नाही. ती द्यायची एकाकाठीच्या दिवशी. ज्याला होडी हवी त्यानं एकच काठी घेऊन यायचं; पहाटे तिच्यावर लाल फीत बांधली जाते, आणि त्याच काठीनं, गळाच्या त्याच दोरीनं, म्हणजे तंगुसानं, सकाळी ट्राउट आणि दुपारी बास धरायचा. सगळ्यांत लांब ट्राउट अधिक सगळ्यांत लांब बास, बेरीज मोठी त्याची होडी. रॉइसच्या बापाला हा धक्काच असल्या दिवसातून मिळाला होता, त्यामुळे रॉइसला नाक मुरडायला जागा नव्हती.

वेल्डानं नाव दिलं. त्या संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन ती म्हणाली, "लॉइड, ही शेवटची खेप. यंदा होडी नाही मिळाली तर तवा नदीत फेकते आणि पोरीकडे तुल्साला जाऊन राहते."

"तुल्सात काय करशील?"

"टीव्ही बघेन. तिच्या घराजवळ साधं डबकंसुद्धा नाही रे."

हे बोलताना ती हसली नाही. वेल्डा हसली नाही की मला घाबरायला होतं.

आता खरा घोळ काठीचा. वेल्डाकडे स्वतःची काठी नव्हती. सगळा जन्म दुसऱ्यांच्या काठ्या उचलण्यात गेला. ट्राउटला हवी बारीक, लवचीक काठी. आमिष असतं नखाएवढं आणि तंगूस केसासारखं, आडदांड काठीनं ते फेकलंच जात नाही. बासला हवी ताठ, दमदार. नाही तर तो झाडात घुसतो आणि तुम्ही झाडाशी गप्पा मारत बसता. आमच्या प्रत्येक गड्याच्या पिकअपमध्ये दोन्ही असतात. आणि एकाकाठीच्या दिवशी प्रत्येक गडी न चुकता बासची काठी घेऊन येतो. का? तर तलावावर चार लोकांसमोर बारीक काठी मिरवायची लाज. ट्राउट म्हणे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी, बास मर्दांसाठी. अहो, बेरीज दोघांची असते! पण हे आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या उमगलेलं नाही. मलाही नव्हतं. माझी होडी मला समोरचा गडी आणखी मूर्ख निघाला म्हणून मिळाली होती.

वेल्डा धक्क्यावरच्या रॉइसच्या दुकानात गेली तेव्हा बाकावर आम्ही चारपाच रिकामटेकडे होतोच. रॉइसनं एक जाडजूड काठी काढून हवेत हलवली. "ही घे. काय ताकद आहे बघ."

"हलवून काय कळतं?"

"सगळे हलवूनच घेतात."

"सगळ्यांच्या हाती काय लागतं तेही बघतेय मी इतकी वर्षं." तिनं भिंतीवरच्या तीन काठ्या काढल्या, एक बारीक, एक जाड, एक मधली. तिन्हींना खालून लटकणारं एकसारखं रीळ लावायला लावलं. "चल बाहेर, रॉइस."

"कशाला?"

"मासा व्हायला."

बाकावरचे आम्ही सगळे एकदमच उठलो. एवढ्या गुडघेदुखीत मी इतक्या चपळाईनं त्याआधी कधी उठलो नव्हतो.

रॉइस टॅकेट म्हणजे पिंपाला टोपी घातल्यासारखा माणूस. दुकानासमोरच्या खडीत वेल्डानं त्याच्या मुठीत तंगुसाचं टोक दिलं आणि वीसेक पावलं मागे जाऊन उभी राहिली. "आधी ट्राउट हो. नुसता धावू नकोस, मान झटक. ट्राउट मान झटकतो."

"वेल्डा, गिऱ्हाइकं बघतायत."

"मग नीट झटक."

रॉइसनं झटकली. बारीक काठी ट्राउटला झकास निघाली. मग तिनं त्याला बास व्हायला सांगितलं आणि रॉइस थेट दाराशेजारच्या बर्फाच्या पेटीमागे जाऊन उभा राहिला. काठी मुठीपर्यंत वाकली, पण त्याला तिथून काढता येईना. "गेला मासा झाडात," वेल्डा म्हणाली आणि काठी बाजूला ठेवली. जाड काठीनं तिनं त्याला बर्फाच्या पेटीमागून फरफटत आणला, पण ट्राउट होऊन त्यानं हलके हिसके दिले ते तिला कळलेच नाहीत. वर नखाएवढं आमिष बांधून फेकलं तर ते तिच्याच बुटांपुढे पडलं.

मग मधली. हातभर शेंडा मऊ, आणि तिथून खाली बुंध्यापर्यंत ठाम. आमिष फेकलं ते रॉइसच्या पिकअपच्या टपावरून पलीकडे गेलं. ट्राउटचा एकेक झटका तिच्या बोटांत उतरला. "आता डावीकडे मान वळवलीस," ती डोळे मिटून सांगत होती. शेवटी बास. रॉइस आता इरेला पेटला होता. खाली वाकून तो बैलासारखा पेटीकडे सुटला. वेल्डानं काठी उभी धरली, तो थांबेना. मग तिनं काठी आडवी केली, जमिनीलगत, आणि बाजूला ओढली. रॉइसची मूठ वळली, मुठीमागे खांदा वळला आणि टोपी पेटीकडे गेली तरी रॉइस वेल्डाकडे आला.

"झाली ना निवड?" तो धापा टाकत म्हणाला.

"एकदा म्हातारा बास होऊन दाखव."

"आत्ता कोण झालो होतो मग?"

त्याची बायको डोरीन दारातून बघत होती. लग्नाच्या दिवसानंतर हा माणूस माझ्यासाठी एवढा धावला नाही, असं ती म्हणाली. निदान मी तरी गावभर तसं सांगितलं आहे.

एकाकाठीच्या दिवशी नियम असा की दोन्ही उमेदवार एकाच होडीत, म्हणजे लबाडी नको. मोटरीवर मी. टॅनरची काठी झाडूच्या दांड्यासारखी. वेल्डाची बघून तो गालात हसला.

"मिस वेल्डा, तलावावर त्या शेवयांनी काय करणार तुम्ही?"

"आधी नदी तर येऊ दे, बाळा."

नदीवर धुकं होतं. वेल्डाचं आमिष पलीकडच्या खडकाजवळ आवाज न करता पडायचं. टॅनरचं अर्ध्या वाटेत डुबुक्कन पडायचं. त्यानं आमिष जड केलं, तर पोस्टानं आलेल्या जाहिरातीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघून ट्राउट निघून जायचे. कसाबसा त्याला दहा इंचांचा एक लागला. वेल्डानं सोळा इंचांचा तपकिरी ट्राउट काढला, पट्टीवर ठेवला, त्याच्याशी काहीतरी पुटपुटली आणि सोडून दिला. तेवढ्यात धरणाचा भोंगा झाला. भोंगा झाला की पाणी सोडतात, नदी चढते, आणि गपचूप निघायचं असतं. टॅनरनं भोंग्याला दिलेली शिवी मी इथे लिहीत नाही, माझी सून वाचते.

होडी पिकअपमागे जोडून आम्ही धरणाच्या वर नेली, पण तलाव टॅनरचा होता. एक वाजायच्या आत त्यानं वीस इंचांचा बास उचलला. नुसता उचललाच, झुंज म्हणून नाही; त्या दांड्यापुढे माशाचं काय चालणार? बेरीज तीस. वेल्डाला चौदाच्या वरचा बास हवा होता, आणि दुपार उलटून गेली तरी तिला मिळाले ते तळहाताएवढे. एक बरा लागला तो तिनं उभ्या काठीनं ओढला आणि तो देवदारात शिरून, तंगूस तोडून सुटला.

"शेवया, मिस वेल्डा," टॅनर हळूच म्हणाला. अगदी प्रेमानं.

 वेल्डानं तुटलेल्या तंगुसाचं टोक कापलं, नवा गळ बांधला, गाठ थुंकीनं भिजवून आवळली.  मला तुल्सातला टीव्ही दिसायला लागला.

"लॉइड, होडी झाडांच्या बाजूला घे. त्यांच्या आणि उघड्या पाण्याच्या मधे."

मी घेतली. तिनं दोन बुडालेल्या देवदारांच्या फटीत आमिष टाकलं. ते बुडायच्या आतच पाणी फुटलं. काठी अर्धवर्तुळ झाली, रीळ किंचाळलं, आणि तो मासा सरळ झाडाकडे सुटला, जसा रॉइस सुटला होता.

"गेला!" टॅनर ओरडला.

वेल्डानं काठी खाली आणली, आडवी, पाण्याला टेकेल अशी, आणि कमरेतून वळून ओढली. मऊ शेंडा वाकून सरळ माशाकडे वळला होता. आता ओढत होता तो बुंधा. क्षणभर मासाही हलेना आणि बाईही हलेना. मग त्याचं डोकं वळलं. बास उघड्या पाण्यात आला, उडाला, तोंड वासून मान झटकली, आणि आम्ही तिघांनी बघितलं की हा चौदा इंचांचा नाही, यानं चौदा इंचांचे खाल्लेत.

"जाळं!" वेल्डा गरजली.

आणि टॅनरनं जाळं घातलं. माझे हात मोटरीवर होते, आणि आमच्याकडे दुसऱ्याचा मासा होडीला लागला की ज्याचा हात रिकामा त्यानं जाळं घालायचं, ही सवय आईच्या दुधाबरोबर मिळते. बास होडीत पडल्यावर त्याला कळलं की आपण आत्ता काय केलं. तो रिकाम्या जाळ्याकडे आणि माशाकडे बघत राहिला.

"एकवीस," मी पट्टी वाचली.

"साडेएकवीस," टॅनर म्हणाला. "शेपटी नीट मिटा, अंकल लॉइड. मापायचं तर बरोबर मापा."

वेल्डानं त्याच्या गालाचा मुका घेतला. तो दाढीतून लाल झाला. हे मी रचलेलं नाही, तुम्ही त्यालाच विचारा. तो नाही म्हणेल.

धक्क्यावर अख्खं गाव उभं होतं. बेरीज ऐकल्यावर डोरीननं अशी शिट्टी वाजवली की कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी पिकअपचे हॉर्न सुरू केले, मग सगळ्यांनी केले. रॉइस मोटरीची किल्ली घेऊन पुढे आला, टोपी काढली, घसा खाकरला. "वेल्डा, पण मग जेवण..."

वेल्डानं नुसता हात पुढे केला. त्यानं वाक्य गिळलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. गावानं पुन्हा हॉर्न वाजवले.

पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीहून एक जोडपं आलं, दोघांचेही कपडे नवेकोरे. नवरा होडीत पाय ठेवता ठेवता इकडेतिकडे बघून म्हणाला, "आमचा गाइड अजून आला नाही वाटतं?"

मागच्या बाकावर वेल्डा बसली होती, एक हात मोटरीवर, दुसऱ्या हातात ती काठी.

"आला नाही, आली," ती म्हणाली. "तो लाल शर्ट काढा साहेब, मासे आंधळे नसतात. बाईसाहेब, तुम्ही पुढे बसा, तुमचा हात चांगला दिसतोय. आणि साहेब, जरा मध्यावर सरका. माझी होडी एका बाजूला कलतेय."

त्यातला 'माझी' हा शब्द तिनं असा काही खणखणीत उच्चारला की माझ्या ओसरीपर्यंत ऐकू आला. मग मोटर सुरू झाली आणि ती धुक्यात शिरली, नदीच्या वरच्या अंगाला, जिथे मोठे ट्राउट असतात.