पहिला नग

इतका हुशार हात आणि इतकं आडमुठं डोकं देवाने एकाच माणसाला दिल्याचं आमच्या ग्वाल्हेरात दुसरं उदाहरण नाही. हा माझ्या जावेचा धाकटा. कपडे शिवतो म्हटलं की त्याला राग येतो. त्याला म्हणे कपडे "सुचतात". माणसाचं तोंड तो बघतच नाही, आधी बाही बघतो. इंदरगंजच्या चौकात एका परक्या बाईला थांबवून म्हणाला, "बहनजी, ये बाँह किसने बिगाड़ी?" बाईने चप्पल काढली, तरी ह्याची नजर बाहीवरच. माझ्या खोलीतला चांगला पडदा उतरवून त्याने घेरदार झगा केला. मी ओरडले, तर म्हणतो, "काकू, खिडकीवर बेकारच जात होता ना!" झगा सुंदर झाला होता. झाला होता ते झाला होता, नाही कशाला म्हणू?

माधवगंजात त्याने दुकान घातलं. समोर आणखी एक कपडेवाला होता. त्याला स्वतःचं काही म्हणता काही सुचत नसे, पण दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बायका ह्याच्याकडे यायच्या, वाहवा करायच्या आणि समोर जाऊन खरेदी करायच्या. मला काही केल्या उलगडेना. म्हणून एके दिवशी समोरच्या दुकानात जाऊन बसले. एक बाई जुना कुडता घेऊन आली. "भैया, ऐसा ही नीले में." त्याने काढून दिला, बाई गेली. तीच बाई आमच्याकडे आली असती, तर ह्याने विचारलं असतं, "फिर वही क्यों, दीदी? आप ज़रा भी बदली नहीं क्या?"

पुढे इंदूरला मोठं दुकान असलेल्या एका बाईंनी ह्याचं चंदेरीचं जाकीट पसंत केलं. अगदी तसंच, सगळ्या मापांत हवं होतं. हे काम जमलं तर दुकान राहणार, नाहीतर कुलूप, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला काजं करायला बसवलं. पहिलं जाकीट जसंच्या तसं उतरलं. दुसऱ्याचा खिसा सरकला. तिसऱ्याची पाठच बदलली.

"अरे, तिने असं मागितलेलं नाही," मी म्हटलं.

"पण काकू, आधीच्याहून चांगलं आहे की नाही?"

होतं. तिथेच तर सगळं बिघडलं.

इंदूरच्या बाई स्वतः आल्या. गठ्ठा उलगडून म्हणाल्या, "मैंने दुल्हन माँगी थी, आपने पूरी बारात खड़ी कर दी!"

"मॅडम, हर एक अलग है," हा खुशीत म्हणाला.

"वही तो रोना है. ग्राहक फोटो देखकर मँगाती है, उसे फोटोवाली ही चाहिए."

हात जोडून त्या निघून गेल्या, आणि दुकानाला कुलूप लागलं.

आता तो समोरच्याकडेच नोकरीला आहे. पहिला नग हा करतो, बाकीचे त्यावरून कारागीर शिवतात, आणि त्या नगांना मालक ह्याला हात लावू देत नाही. ह्याचे कपडे आता गावभर दिसतात. त्यावर नाव मालकाचं. मला वाटलं, चला, मार्गी लागला.

परवा देवळातून मी आणि हा परत येत होतो, तर समोरून दोन मैत्रिणी आल्या. दोघींच्या अंगात ह्याला सुचलेला एकच कुडता.

"कसा दिसतोय, काकू?" ह्याने विचारलं.

तोंडदेखलं बोलणं मला जमत नाही. "एकीला छान. दुसरीच्या खांद्यावर चुण्या पडतायत."

"हो," तो म्हणाला. त्या दोघी हसत हसत वळणावरून दिसेनाशा झाल्या. खुणा करायचा खडू असतो त्या खिशात ह्याचा हात गेला, जरा थांबला, आणि रिकामाच बाहेर आला.