सशाचं नाक आणि गुळाचं पाणी

मुरगूडहून लग्न होऊन कोल्हापूरला आले, तेव्हा माझ्या रुखवतात दोन ससे होते. एक नर, एक सशीण. शेवया, कुरडया, तांब्याची घागर आणि त्यांच्याशेजारी पाटीत बसलेले हे दोन पांढरे पावणे. मांडवातली निम्मी माणसं नवरी सोडून सशांकडेच बघत होती. त्याचा राग सत्तरचं दशक सरून गेलं तरी मी सोडलेला नाही.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला. "दूध न्हाय, अंडं न्हाय, चोर आला तर भुंकायचं न्हाय. निस्तं खायाचं आन् लेंड्या टाकायच्या. दिवाळीच्या साफसफाईत हे दोघं घराभाईर गेलं पायजेत. सांगून ठेवतो!"

सासूबाईंनी सांगून ठेवलेलं बदलायची प्रत्यक्ष देवाचीही छाती नव्हती. मी मामंजींचा आधार धरला.

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांची दारात एक म्हैस होती. इतकी मोठी, की तिच्या सावलीत गल्लीतल्या चार बायका तांदूळ निवडत बसायच्या आणि ती उठली की त्यांना ऊन लागायचं. मामंजींच्या मते जगात दोनच प्राणी होते, म्हैस आणि लहान म्हैस. ससे दुसऱ्या प्रकारात बसले.

त्या काळी म्हशींसाठी गोळी पेंड नवी नवी निघाली होती. ती निवडण्यात मामंजींचा हात धरणारा कोणी नव्हता. पोतं उघडायचं, वरची पेंड बाजूला सारायची, कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढायची. भुकटी फार निघाली की पोतं परत. आंबूस वास आला की पोतं परत. मग एक गोळी दाढेखाली धरायची. "कट्ट वाजली पायजे. मऊ लागली म्हंजे वल धरलीय." अशी निवडून आणलेली पेंड त्यांनी सशांपुढे घमेलंभर ओतली. दोघांची पोटं ढोलकीसारखी टम्म, आणि लेंड्या बंद!

"मामंजी, ह्यांना पेंड चिमूटभरच. दिवसभर वाळलं गवत पायजे."

"निस्त्या गवतावर कोण धट्टंकट्टं हुतं व्हय?"

"तुमची म्हैस."

मामंजींनी सुनेचं ऐकून घमेलं उचललं. आमच्या घराण्यात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

ससे गवतावर आले आणि पोटं जागेवर आली. एकदा मात्र मामंजींनी आणलेला भारा दोघांनी हुंगला आणि तोंड फिरवलं. मामंजी चिडले. भारा सोडून बघतात तर मधलं गवत कोमट, बुरशीनं पांढरं. दसऱ्यानंतर घाईनं कापलेलं, न वाळवताच बांधलेलं.

"आयला! भारा न सोडता कळलं की ह्यास्नी!"

दुसऱ्या दिवसापासून नर ससा पाटीत बसून वैरणीच्या बाजाराला जाऊ लागला. मामंजी त्याचं नाक भाऱ्याला लावायचे. नाक थरथरलं, काडी ओढली, की सौदा. कान मागं गेले, की चला पुढं.

"पावणं, वैरण घ्याय आलाय का तपासणीला?" व्यापारी विचारत.

"सायबास्नी घिऊन आलोय."

आठवड्याभरात व्यापारी सशाला रामराम घालायला लागले. कोडोलीकडचे म्हसवाले साहेबांची वाट बघत उन्हात रांगेनं बसायचे, अशी मामंजींची शपथ आहे. सासूबाईही कोथिंबिरीची देठं, दुसरीकडे बघत, सशापुढे टाकू लागल्या. दिवाळी टळली असं मला वाटलं.

पण एक व्यापारी होता. त्याचा माल रोज नापास व्हायचा. त्यानं डोकं चालवलं आणि भाऱ्यांवर गुळाचं पाणी शिंपडलं. साहेबांनी नाक लावलं आणि कानासकट आत गेले. शेपूट तेवढं बाहेर! मामंजींनी अख्खी बैलगाडीभर वैरण उचलली.

गाडी दारात आली. सासूबाईंनी भाऱ्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत वाफ धरलेली, गवत काळं पडलेलं. बोटं चिकट लागली म्हणून त्यांनी चाटून बघितली.

"गूळ! अवं, तुमच्या सायबानं लाच खाल्ली की!"

गल्ली हसली. म्हैसही हसली असावी, मी तिच्याकडं बघितलं नाही.

"बास झालं. सूनबाई, पाटी आण. उद्याच्या साफसफाईला थांबायचं न्हाय."

मी पाटी आणली खरी, पण पाटीत सशीण घालून आणली आणि तिला त्याच भाऱ्यापुढे सोडलं. तिनं हुंगलं. जीभ बाहेर काढली. मी डोळे मिटले. तेवढ्यात धप्प! मागचा पाय आपटून तिनं गवताकडं पाठ फिरवली आणि थेट सासूबाईंच्या पायांवर जाऊन बसली.

सासूबाईंनी खाली बघितलं. मग सावकाश मामंजींकडं बघितलं. लग्न झाल्यापासून त्या अशाच एका संधीची वाट बघत असाव्यात.

"बघितलासा? गुळाला भुलली न्हाय! बाजाराला गडीमाणूस न्हेला, मग हुनार काय!"

पदर खोचला, सशीण पाटीत घेतली आणि त्या गाडीवर चढल्या. "मी जातो आता बाजाराला."

त्या दिवशी त्यांचा आवाज हातकणंगले स्टेशनात ऐकू गेला आणि आगगाडी वेळेआधी सुटली म्हणतात. परत आल्या तेव्हा बैलगाडीत हिरवट, खडखडीत, चहाच्या पत्तीसारखा वास असलेलं गवत होतं आणि कासरा मान खाली घातलेल्या त्याच व्यापाऱ्याच्या हातात होता.

साफसफाई झालीच. गवताला कोरडी जागा हवी म्हणून घराच्या पुढच्या सोप्यातला कोपरा रिकामा केला आणि तिथली मामंजींची बाज गोठ्यात गेली. बाजेखाली नर सशाची पाटी.

"दोघंबी गुळाला भुलणारी. ऱ्हाऊ देत एका जागी," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघी सोप्यात सशिणीसाठी गवत निवडत बसलो होतो. गोठ्यातून मामंजींचा दबका आवाज आला, "खावा सायेब, हितं कोण बघत न्हाय."

आणि पाठोपाठ पेंडेच्या दोन गोळ्या वाजल्या. कट्ट. कट्ट.