केतकीचा कोड आणि माझी पोटदुखी

गेल्या रविवारी दादरला माझ्या पोटात भयंकर दुखलं... औषधाने बरं होणारं नव्हतं ते.

मी परळच्या एका शाळेच्या रोबोटिक्स टीमला शिकवते. माझी कॉलेजमैत्रीण केतकी गिरगावातल्या शाळेला शिकवते. दादर आणि लालबाग धरून आमच्या चार टीम्स, आणि चौघांत मिळून एक रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायचं ऑनलाइन सामायिक कपाट. पण त्याची पार चाळीतली कॉमन गॅलरी झाली होती... ज्याने त्याने आपलं सामान आणून टाकलेलं!

शेवटी पेडणेकर काकांनी नियम काढला. काका रिटायर्ड इंजिनीअर, शिवाजी पार्कला राहतात आणि आम्हा सगळ्यांवर हुकूम चालवतात. जे दुसऱ्या टीमच्या रोबोटवर चालेल तेच आत राहील, आणि एका कामाला एकच कोड.

काळ्या पट्टीवरून रोबोट चालवायचे कोड दोन होते, माझा आणि केतकीचा. रविवारी दादरला जमून दोन्ही लालबागच्या रोबोटवर टाकून बघितले. तिचा निमूट पट्टी धरून गेला. माझा जागच्या जागी गरगर फिरत बसला... कारण माझ्याच रोबोटच्या चाकांचं माप मी कोडमध्ये ठोकून ठेवलं होतं.

सगळे हसले. केतकी हसली नाही, त्याचाच जास्त राग आला. कॉलेजातही सर हिचंच जर्नल वर्गभर दाखवायचे!

वर काकांचा दुसरा नियम... ज्याचा कोड बाहेर, त्यानेच आत येणारा तपासायचा.

"जखमेवर मीठ चोळताय का काका?" मी विचारलं.

"छे गं. जळणाऱ्याइतकं बारीक कोणी वाचत नाही," काका शांतपणे म्हणाले.

घरी आले आणि ओळ न् ओळ वाचली. देवा, एक तरी चूक सापडू दे... आणि सापडली! पट्टी सुटली तर रोबोटने थांबायचं, हे बाईसाहेबांनी लिहिलंच नव्हतं. म्हणजे तो सरळ जात राहणार आणि टेबलावरून खाली. खोटं कशाला बोलू, मी टाळ्या वाजवल्या.

गप्प बसावंसं फार वाटलं. पडू दे की एकदा स्पर्धेत, सगळ्यांसमोर! पण आता हाच कोड माझ्या परळच्या पोरांच्या रोबोटवरही चालणार होता. त्यांनी वर्षभर खपून केलेला रोबोट माझ्या जळफळाटापायी फुटला असता... मग काय, थांबायच्या ओळी मीच लिहिल्या आणि पाठवल्या.

केतकीचा लगेच फोन. "सायले, वाचवलंस गं! दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं." गोड बोलते मेली, त्यानेही पोटात दुखतं.

काल सरावात टेबलाच्या कडेशी पट्टी सुटली आणि आमचा रोबोट जागीच थांबला. माझीच पोरं ओरडली, "केतकीताईंचा कोड काय भारी थांबतो!"

अरे, थांबला तो माझ्यामुळे... पण रोबोट टेबलावर होता, पोरं नाचत होती.

केतकी, हे वाचत असशील तर मनापासून थँक्यू. तुझा कोड खरंच चांगला आहे... पण पोरांना एकदा तूच सांग ना गं, प्लीज.